आक्कांचा पाच नंबर

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मापं आणि घटनांचा क्रम बदललेला नाही.

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी आक्का सुनेसोबत आल्या त्या मनगट दाखवायला. न्हाणीघराच्या उंबऱ्याला स्लीपरचं टोक अडकलं, तोल गेला आणि हात टेकला गेला. एक्स-रेत हाड शाबूत होतं, नुसती लचक भरली होती.

आक्कांचं वय ६८. मधुमेह ११ वर्षांपासून, गोळ्यांवर. मुलाचं कृषी सेवा केंद्र, मुलगी पुण्यात. शेत बटईनं दिलेलं, पण सकाळी मारुतीचं देऊळ, गुरुवारचा आठवडी बाजार आणि वर्षातून एकदा तुळजापूर हे त्यांचं ठरलेलं. घरात बसून राहणाऱ्यातल्या त्या नव्हेत.

मनगटाचे व्यायाम सांगून झाले आणि त्या उठल्या, तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. निळ्या पट्ट्याची रबरी स्लीपर, टाचेकडे एका बाजूनं झिजून तिरकी झालेली. डाव्या पायाची करंगळी स्लीपरच्या बाहेर थेट फरशीवर टेकत होती.

"कितीचा नंबर आहे, आक्का?"

"पाच. लग्नात सासरहून पाच नंबरची आल्ती, तवापासून पाचच."

लग्नाला ४९ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांचं पाऊल कुणी मोजलं नव्हतं.

अडचण नेमकी काय होती

मी त्यांना पुन्हा बसवलं. मधुमेहाच्या माणसाला मी एक प्रश्न हमखास विचारते: चप्पल पायातून निसटली आणि कळलंच नाही, असं कधी होतं का? आक्का हसल्या. "दोन डाव झालं की. घरी आले तं एका पायात हाय, एका पायात न्हाई. पोरं हसायलेत." नातवंडं ज्याला हसत होती ते बधिरपणाचं लक्षण होतं. दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या धाग्यानं तळवे तपासले, तर डाव्या चवड्यावर तीन ठिकाणी धागा टेकल्याचं त्यांना कळलं नाही. घोट्याजवळची आणि पावलावरची नाडी दोन्ही पायांना चांगली लागत होती. तेवढा दिलासा.

डाव्या अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलेलं आणि अंगठा शेजारच्या बोटावर कललेला. दुसरं बोट मध्येच वाकून वर उचललेलं. टाचांना भेगा. दुसऱ्या बोटाखाली, चवड्यावर, एक जाड कुरूप आणि त्याच्या मधोमध काळसर ठिपका. असा ठिपका म्हणजे बहुतेक वेळा आत साकळलेलं रक्त. आक्का ते कुरूप महिन्यातून एकदा ब्लेडनं तासत होत्या आणि वर औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टी लावत होत्या. त्या पट्टीत कातडी जाळणारं आम्ल असतं. ज्या पायाला दुखलेलं कळत नाही त्यावर ही पट्टी लावायची नसते, पण हे दुकानात कुणी सांगत नाही.

हे सगळं एका दिवसात झालेलं नव्हतं. वय वाढतं तसे पावलातले अस्थिबंध सैल पडतात, कमान थोडी बसते, पाऊल लांबीला आणि त्याहून जास्त चवड्याला रुंद होतं. टाचेखालची आणि चवड्याखालची चरबीची गादी पातळ होते, म्हणून पूर्वी न टोचणारा खडा टोचतो. कातडी कोरडी पडते, संध्याकाळपर्यंत घोटे सुजतात. चपलेचा नंबर मात्र डोक्यात पक्का बसलेला असतो, जन्मतारखेसारखा.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या १,०१,८८० लोकांच्या पावलांची मापं घेतली. त्यात बाईच्या पावलाची वाढ साधारण ११ व्या वर्षी आणि पुरुषाची १५-१६ व्या वर्षी टिपेला पोचते असं दिसलं, आणि आपली पावलं युरोपीय पावलांपेक्षा रुंद असल्याचंही. यातल्या पहिल्या गोष्टीमुळेच घोटाळा होतो. वाढ थांबली म्हणजे माप ठरलं असं आपण धरून चालतो. पसरणं चालूच राहतं. आणि आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत लांबीचे नंबर मिळतात, रुंदीचे मिळत नाहीत.

पहिला निर्णय आणि तो कसा फसला

पहिली चिठ्ठी डॉक्टरांकडे गेली. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी (एचबीए१सी) ८.४ टक्के निघाली, गोळ्या बदलल्या. कुरूप लातूरच्या सर्जननी तासलं. आत जखम नव्हती. ब्लेड आक्कांच्या कपाटातून सुनेच्या ताब्यात गेलं.

पायताणाचा भाग माझ्याकडे होता. मी कोऱ्या कागदावर त्यांना उभं करून दोन्ही पावलं काढून घेतली. उजवं २३६ मिलिमीटर, डावं २४०. पुण्याच्या मुलीला फोनवर सांगितलं, "लेसचे स्पोर्ट्स शूज आण, सहा नंबर. टाचेला मागून घट्ट आधार हवा आणि बूट मधून दुमडता कामा नये, फक्त चवड्यापाशी वाकावा." पुस्तकात असंच असतं आणि ते चूकही नाही. मुलीनं ३,२०० रुपयांचा जोड पाठवला.

महिन्याभरानं आक्का आल्या त्या त्याच निळ्या स्लीपरमध्ये. बूट कुठे आहेत विचारलं तर सुनेनंच उत्तर दिलं: पिशवीसकट कपाटात.

कारणं एकेक करून बाहेर आली. गुडघे दुखतात, वाकून लेस कोण बांधणार. रोज सुनेला हाक मारायची लाज वाटते. एप्रिलच्या उन्हात मोजे घातले की पाय उकडून निघतात. आणि देऊळ. "तीन हजाराचा जोड देवळाभाईर सोडून आत जाऊ? मंग दर्शनात चित्त लागंल का, चपलेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरी चूक त्याच्याही पुढे होती. एका लग्नात मुलीच्या आग्रहानं आक्कांनी ते बूट सकाळपासून संध्याकाळपर्यंत घातले होते. घरी आल्यावर सुनेला मोज्यावर डाग दिसला. डाव्या करंगळीला फोड येऊन फुटला होता आणि आक्कांना पत्ता नव्हता. फोड भरायला तीन आठवडे लागले. लांबी मी बरोबर सांगितली होती, पण रुंदी सांगितली नाही. बाजारातला बायकांचा सहा नंबर त्यांच्या चवड्याला अरुंदच होता. नवा जोड पहिल्या आठवड्यात रोज तासभर, दोन तास घालायचा आणि काढल्यावर पाय बघायचे, हे मी तोंडी सांगितलं होतं. लिहून दिलं नव्हतं.

दुसऱ्यांदा मोजताना

या वेळी मी सुनेला वेगळं काम दिलं. आक्का दिवसभरात किती वेळा पायताण घालतात-काढतात, ते कॅलेंडरच्या पाठीमागे रेघा मारून टिपायचं. संध्याकाळपर्यंत चौदा रेघा झाल्या. ओसरी, अंगण, तुळस, शेजारचं घर, दुकान, देऊळ, पुन्हा ओसरी. मधला सगळा वेळ घरात अनवाणी, गुळगुळीत फरशीवर. बूट घातले असते तरी त्यांचं दिवसातलं निम्म्याहून अधिक चालणं बुटाविनाच होणार होतं, आणि त्या पडल्या होत्या त्या घरातच.

कागदावरचं मापही पुन्हा घेतलं, या वेळी संध्याकाळी सहाला. डावं पाऊल आता २४३, चवड्याची रुंदी १०२. पहिल्यांदा भर दुपारी, सूज चढायच्या आधी, मी लांबी तेवढी लिहिली होती. मग तो कागद पावलाच्या आकारात कापला आणि निळ्या स्लीपरवर ठेवला. कागद दोन्ही बाजूंनी बाहेर. आक्का बराच वेळ बघत राहिल्या. "येवढा पाय हाय व्हय माझा?" एवढंच म्हणाल्या. इतके दिवस मी तोंडानं जे पटवू पाहत होते ते त्या कागदानं पटवलं.

पर्याय

*तेच बूट, मोठे आणि वेल्क्रोचे.* पायाला सगळ्यात सुरक्षित हेच होते. पण चौदा वेळा काढ-घाल, उकाडा आणि देवळाबाहेरची चोरी यांतलं काहीच सुटत नव्हतं. कपाटात पडून राहणारा आणखी एक जोड झाला असता.

*एमसीआर चप्पल.* सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची, बधिर पायांसाठी बनवलेली. आपल्याकडे ती रुजली ती कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायांसाठी, आणि सरकारी दवाखान्यातून ती तशा रुग्णांना मिळते. आता औषधाच्या मोठ्या दुकानांत मधुमेहाची चप्पल म्हणून विकली जाते. पायाच्या दृष्टीनं उत्तम. पण आक्कांनी नमुना हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. "ही दवाखान्यातली. लोक इचारतील, काय झालंय म्हणून." ही भीती अनाठायी आहे असं मी दहा वेळा म्हणेन, पण बाजारातून ती चप्पल घालून चालायचं होतं ते आक्कांना, मला नव्हे.

*अंगठ्याच्या हाडाचं ऑपरेशन.* सर्जनशी बोलून लगेच बाजूला ठेवलं. हाड दुखत नव्हतं, साखर चढलेली होती आणि जागा मिळाली तर तक्रार उरणार नव्हती.

*पुरुषांची सँडल.* ही कल्पना सुनेची. बऱ्याच भारतीय कंपन्यांचा बायकांचा सहा आणि पुरुषांचा सहा लांबीला जवळपास सारखाच असतो, पण पुरुषांचा साचा चवड्याला रुंद असतो. आक्कांचं पहिलं उत्तर: "बाप्याचं पायताण घालू का मी आता, म्हातारपणी?"

काय केलं

गुंता सुटला तो एकाच जोडाचा हट्ट सोडल्यावर. घरातला वेगळा, बाहेरचा वेगळा.

बाहेरच्यासाठी मे महिन्यात आम्ही तिघी लातूरला गंजगोलाईत गेलो, मुद्दाम चारची एसटी धरून, म्हणजे दुकानात पोचेपर्यंत पाय सुजलेले असतील. गोलाईतून फुटणाऱ्या सोळा रस्त्यांवर दागिन्यांपासून मिरचीपर्यंत सगळं मिळतं, चपलांची दुकानंही रांगेनं आहेत. तिसऱ्या दुकानात मी पिशवीतून कापलेले कागद काढले, तेव्हा दुकानदारानं गल्ल्यावरच्या वडिलांना हाक मारली. वडील म्हणाले, पूर्वी खेड्यातली माणसं सुतळीनं माप घेऊन यायची, घरच्या बायकांसाठी.

मालकांनी पुरुषांच्या सहा नंबरची साधी काळी सँडल काढली. पुढून बोटं झाकणारी, आणि वेल्क्रो तीन ठिकाणी: चवड्यावर, पावलावर, टाचेमागे. चवड्यावरचा पट्टा सैल करता येतो, हे महत्त्वाचं होतं, कारण बाहेर आलेलं हाड नेमकं तिथं होतं. आम्ही जे तपासलं ते असं: उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा आहे का (आक्कांचं दुसरं बोट सगळ्यात लांब आहे, अंगठा नव्हे, हे दुकानात उभं राहिल्यावरच लक्षात आलं), मोठ्या म्हणजे डाव्या पायाला बसतेय का, दोन्ही हातांनी पिळली तर चिंधीसारखी पिळली जात नाही ना, आत हात फिरवल्यावर शिवण टोचते का. कागद आत ठेवला, कडा दुमडल्या नाहीत. ८५० रुपये.

"ही बाप्याचीच हाय ना?" आक्कांनी विचारलं. मालक म्हणाले, "आई, तिच्यावर कुठं लिहिलंय?" सँडल पायात घालूनच त्या दुकानाबाहेर पडल्या. मी जुनी स्लीपर तिथंच टाकायला सांगितली. त्यांनी ती पिशवीत घातली. न्हाणीघरासाठी, म्हणाल्या. इथं मी थोडी भांडले, कारण पडल्या होत्या त्या तिथंच. शेवटी न्हाणीघरात खडबडीत मॅट आणि भिंतीला आडवा दांडा आला, आणि स्लीपर बागेत गेली.

घरातल्यासाठी तीच नको असलेली एमसीआर चप्पल घेतली. घरात कोण विचारणार? पण तिला मागून पट्टा नव्हता, आणि टाचेमागं आधार नसलेली चप्पल निसटणार, जशी स्लीपर निसटत होती. बसस्टँडजवळ चप्पल शिवणाऱ्या मामांकडून मागचा पट्टा वेल्क्रोसकट लावून घेतला. एकच अट होती: खिळा एकही नको, फक्त शिवण आणि चिकटवणं. मामांनी कारण विचारलं. सोल झिजली की खिळा वर येतो आणि या पायाला तो कळणार नाही, असं सांगितल्यावर त्यांनी स्वतःहूनच टाके आतून झाकून घेतले.

घरात चप्पल या गोष्टीला मला सगळ्यात जास्त विरोध अपेक्षित होता. स्वयंपाकघर, देवघर, सोवळं-ओवळं. सुनेनं आधीच मान हलवली होती, "मामी ऐकणार न्हाईत." अडलेला धागा आक्कांनी स्वतःच सोडवला. त्यांचे सासरे घरात खडावा घालायचे. भाईरची माती न लागलेलं पायताण घरात चालतं, असा त्यांनी निकाल दिला. देवघराच्या दारात मात्र ती काढायची आणि आत खुर्चीवर बसून पूजा करायची. हा नियम मी सुचवला असता तर कधीच मान्य झाला नसता.

या वेळी सूचना मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवल्या. पहिला आठवडा रोज दोन तास. घालण्याआधी आत हात फिरवायचा. रात्री सुनेनं तळवे बघायचे. पायांना तेल किंवा मलम लावायचं, पण बोटांच्या बेचक्यांत नको. मोजे पांढरे सुती, कारण डाग पांढऱ्यावर लगेच दिसतो.

परिणाम

सप्टेंबरपर्यंत आक्का पुन्हा पडल्या नव्हत्या. कुरूप पातळ झालं, काळा ठिपका पुन्हा दिसला नाही. करंगळीची जागा कोरडी आणि बरी. गुडघ्यांना मात्र जोडानं म्हणावा असा फरक पडला नाही. त्यासाठी मांडीचे व्यायाम चालू आहेत आणि ते आक्का मनापासून टाळतात.

पावसाळ्यात सँडल हरली. काळ्या रानात दोन पावलं गेलं की सोलेला चिकट मातीचा थर बसतो आणि एकेक पाय किलोचा होतो. जूनमध्ये शेतावर गेल्यावर वेल्क्रोत माती भरून त्यानं पकड सोडली. आता बटईदाराशी बोलणं बांधापर्यंत गाडीनं जाऊन होतं. घरातल्या चपलेची मऊ सोल चवड्याखाली दबली आहे. ती दिवाळीच्या आत बदलावी लागेल.

आज पुन्हा सुरुवात करायची तर

पहिल्याच दिवशी रुंदी लिहीन, आणि माप संध्याकाळी घेईन. पण त्याआधी त्या रेघा मारून घेईन. माणूस दिवसभरात कुठे कुठे अनवाणी असतो हे न विचारता मी जोड सुचवला. ३,२०० रुपये मुलीचे गेले आणि करंगळी आक्कांची. फोड चिघळला असता तर या लिखाणाचा सूर वेगळा असता.

पहिला जोड परत करता आला असता, पण पावती पुण्याला होती आणि मुदत उलटली होती. वयस्कर माणसासाठी दुसऱ्या गावाहून पायताण मागवू नये, निदान पहिला जोड तरी. पाय आणि चप्पल एकाच दुकानात एका वेळी असायला हवेत.

दुखत नसलं तरी वर्षातून एकदा पाऊल मोजायचं, हे मी आता गुडघ्यासाठी येणाऱ्यांनाही सांगते. क्लिनिकच्या दाराशी कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिल ठेवली आहे.

एक गोष्ट अजून ठरायची आहे. कोजागरीला आक्कांना तुळजापूरला जायचंय आणि शेवटचे काही कोस अनवाणी चालायचा त्यांचा जुना नवस आहे. मी डांबरावर चालायला नाही म्हटलंय. मंदिरात पहाटे, फरशी तापायच्या आत, सुती मोजे घालून पायऱ्या उतरायच्या, इथपर्यंत त्या आल्या आहेत. नवसात मोजे चालतात का, हे त्या गुरवाला विचारणार आहेत. सुनेनं गुरवाला आधीच फोन केलाय, हे त्यांना माहीत नाही.